बुजऱ्या पिल्लासाठी पाच मीटरची दोरी: सात महिन्यांचा अनुभव

बुंदी आमच्याकडे जूनमध्ये आली तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. ठाण्यात कोलशेतला एका बांधकामाजवळ एकटीच सापडलेली, गावठी कुत्री, तांबूस रंगाची. माणसांत ती दोन दिवसांत रुळली. कुत्रं दिसलं की मात्र तिचं अवसानच गळायचं. शेजारचा लॅब्रॅडोर लिफ्टमधून बाहेर पडला की ही भिंतीला चिकटायची, शेपूट पोटाखाली, आणि बऱ्याचदा तिथेच लघवी व्हायची. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात इतर कुत्र्यांशी ओळख सगळ्यात सहज होते. तो काळ आमच्या हाती लागलाच नाही.

दोरी घेण्याआधी एका ट्रेनरला बोलावलं होतं. त्यांनी तिला थेट पाच-सहा कुत्र्यांमध्ये सोडायला लावलं. म्हणाले, दोन दिवस घाबरेल, मग सवय होईल. बुंदी जागच्या जागी थिजून उभी राहिली. ते म्हणाले, बघा, शांत झाली. ती शांत झाली नव्हती, तिला पळायला जागा नव्हती. त्या रात्री ती जेवली नाही आणि पुढचे चार दिवस सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकेना. मी तेव्हाच तिला उचलून घ्यायला हवं होतं, हे मला अजून सलतं.

मग मी दोन वस्तू मागवल्या. एक पाच मीटरची सुती पट्टीची दोरी, आणि एक हार्नेस, ज्याचे पट्टे छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखे येतात आणि खांदे मोकळे राहतात. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. पिल्लू धावत दोरीच्या टोकाला पोचलं तर सगळा हिसका मानेला बसतो. आपोआप गुंडाळली जाणारी लीश मी मुद्दाम घेतली नाही. ती सतत थोडी ओढत राहते, आणि मला नेमका तो ताणच नको होता.

आखूड लीशवर बुंदीपुढे दोनच पर्याय असत, थिजणं किंवा भुंकणं. लांब दोरीने तिसरा दिला: मागे सरकणं. पहिला महिना आम्ही कुठल्याच कुत्र्याला भेटलो नाही. सकाळी सहाच्या आत उपवन तलावावर जायचो, फिरायला येणाऱ्यांची गर्दी नसलेल्या बाजूला थांबायचो आणि वीस-पंचवीस मीटरवरून कुत्री बघायचो. कुत्रं दिसलं की उकडलेल्या चिकनचे तुकडे, ते नजरेआड झालं की चिकन बंद. हाच क्रम पाळायचा. आधी चिकन दाखवून मग कुत्र्याजवळ नेलं, तर चिकन हातात आलं की पिल्लू सावध व्हायला लागतं. आमची ही चूक आठवडाभर चालली होती. तिने चिकन तोंडात धरून खाली टाकलं की समजायचं, फार जवळ आलोय. दोरी ढिली ठेवून उलट चालू लागायचं.

याच काळात मी तिचं तोंड वाचायला शिकले. नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान फिरवणं, उगाच जमीन हुंगत बसणं. तुरिड रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षिकेने अशा हालचालींना शांतवणारे इशारे म्हटलं आहे. समोरच्याला ‘मला भांडण नको’ असं सांगायची ही कुत्र्यांची भाषा. आखूड लीशवर ती हे अर्धंच बोलू शकायची. कुत्र्यांच्या रीतीने थोडं वळसा घालून जायचं तर जागा लागते.

तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारा काळा कुत्रा बसतो. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेला. टपरीवाल्या मावशी त्याला आबा म्हणतात. सप्टेंबरमधल्या एका सकाळी बुंदी स्वतःहून त्याच्या दिशेने निघाली. सरळ नाही, मोठा अर्धगोल घेत. मी दोरी बोटांतून सैल सरकू दिली. आबाने तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवून जमीन हुंगायला लागला. ती एक पाय उचलून थांबली. मग मान लांब करून त्याच्या शेपटीचा वास घेतला, जेमतेम दोन सेकंद, आणि सुर्रकन माझ्यामागे आली. येऊन अंग झाडलं, भिजल्यावर झाडतात तसं. मावशी म्हणाल्या, “ताई, आज मैत्री झाली बघा.” मी तिला लगेच परत पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून गेली.

आता वस्तूंबद्दल. सुती दोरी हाताला मऊ, पण ठाण्याच्या पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारते. म्हणून जुलैत नायलॉनची घेतली. ती लवकर वाळते, पण बुंदी एकदा दचकून पळाली तेव्हा माझा तळवा भाजल्यासारखा सोलला. आता पावसाळ्यात नायलॉन आणि बागकामाचे हातमोजे, एरवी सुती. पहिल्या दोरीचा हुक ऑक्टोबरपर्यंत गंजला. हार्नेसची दोन मापं बदलावी लागली, कारण पिल्लू वाढतं. पहिला पुढच्या पायामागे घासून तिथले केस गेले. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि हे दर आठवड्याला तपासायला हवं.

रस्त्यावर ही दोरी अजिबात नको. रिक्षा आणि दुचाक्यांमध्ये पाच मीटर म्हणजे अपघात. घरापासून तलावापर्यंत साधी लीश लावते, तिथे पोचल्यावर बदलते. येऊरच्या जंगलाच्या बाजूला आम्ही अंधार पडल्यावर जातच नाही, तिथे बिबट्याचा वावर असतो.

दिवाळीत फटाक्यांनी सगळं उलटं फिरलं. दहा दिवस आबासुद्धा नको होता. आम्ही पुन्हा पंचवीस मीटरवर गेलो आणि तिथून सुरुवात केली. या वेळी महिना लागला नाही, आठवड्यातच ती टपरीपर्यंत आली.

आज ती अकरा महिन्यांची आहे. आमच्या गल्लीतल्या टोळीतला पांढरा कुत्रा दिसला की अजूनही माझ्या पायांमागे येते, आणि मी वाट बदलते. लॅब्रॅडोरबरोबर मात्र गेल्या रविवारी सोसायटीच्या बागेत ती पुढचे पाय पसरून वाकली, शेपूट वर, खेळायला बोलावतात तशी. तो पळाला, ती मागे धावली, आणि दोरी माझ्या हातातून सुटून गवतावरून तिच्यामागे सळसळत गेली.