बिअरच्या फ्रिजचा सिलेंडर आत की बाहेर? म्हापशातल्या घरचा अनुभव

उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: गोव्यात राहत असाल आणि घरी फ्रिजमध्ये केग (बिअरचं पिंप) ठेवून नळाने बिअर काढत असाल, तर ती ढकलणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलेंडर फ्रिजच्या बाहेरच ठेवा. सुरुवातीला माझाही आत होता. आत ठेवला तर गॅसच्या नळीसाठी फ्रिजला भोक पाडावं लागत नाही आणि सगळं नीटनेटकं दिसतं, पण १९ लिटरच्या दुसऱ्या केगची जागा तो खातो.

खरी डोकेदुखी ओलीची. जुलैत दार उघडलं की थंड रेग्युलेटरला (सिलेंडरवरच्या दाब कमी करणाऱ्या झडपेला) घाम फुटायचा आणि सिलेंडरच्या बुडाला तांबेरा धरायचा.

सिलेंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा घोळ वेगळाच. सिलेंडरमध्ये द्रव सीओटू शिल्लक असेपर्यंत काटा तापमान सांगतो, गॅस किती उरला ते नाही. २० अंशांना साधारण ५७ बार (दाबाचं एकक), ४ अंशांना ३९. त्यामुळे सिलेंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा घसरतो आणि माणसं गळती समजून नट आवळत बसतात. उलट ३१ अंशांच्या वर द्रव उरतच नाही. मेमधल्या दुपारी भरलेल्या सिलेंडरचा काटा ७० च्या पुढे, पहाटे पुन्हा खाली. घाबरू नका. किती उरलाय ते वजनकाट्यावर बघा, रिकामं वजन सिलेंडरवर कोरलेलं असतं.

आता तो मागच्या पडवीत उभा आहे, भिंतीला साखळीने बांधून, लाकडी फळीवर. आडवा ठेवला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. ऊन मात्र लागता कामा नये, दाब फार वाढला तर सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस निघून जातो. आईने त्यावर ‘चुलीचा नव्हे’ अशी चिठ्ठी चिकटवलीय, तेही बरंच.

गॅसची नळी लांबली म्हणून काही बिघडलं नाही. फेसाचं गणित बिअरच्या नळीवर असतं, गॅसच्या नाही. केगला जाणारा दाब पूर्वीसारखाच १२ पीएसआय (दाबाचंच दुसरं एकक), केग ३-४ अंशांवर. भोक मी दारातून पाडलं, कारण फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यामागे गारव्याच्या नळ्या असू शकतात.

बंद खोलीत, त्यातही एसी लावून झोपता तिथे, सिलेंडर अजिबात नको. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर जमिनीलगत साठतो आणि वास येत नाही. सिलेंडर बदलला की प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघतो. फ्रिजमध्ये होता तेव्हा कंप्रेसरच्या घरघरीत बारीक फुसफुस ऐकूच यायची नाही.