प्रकल्प घ्यावा की फळ्यावर शिकवावे?

घटक नियोजन करताना हा प्रश्न अनेक शिक्षकांना पडतो. प्रकल्पातून शिकवणे आपल्याकडे नवखे नाही: वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला आणि 1983 साली स्थापन झालेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकवण्याची वाट पुढे नेली. मात्र दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली प्रकल्पवही म्हणजेच प्रकल्प असे मानले, तर थेट अध्यापन, म्हणजे फळ्यावर समजावून शिकवणे, सहज सरस ठरेल आणि ती तुलना अन्यायाची होईल.

म्हणून एकच घटक घेऊ: गुणोत्तर व प्रमाण. तो फळ्यावर शिकवला, तर थोड्या तासिकांत रीत कळते, सराव होतो आणि कोण कुठे अडखळले हे वहीतून लगेच दिसते. तोच घटक शाळेच्या गळक्या नळावर घेतला, तर मुले मोजपात्र लावून दहा मिनिटे थांबतात आणि 50 मिलिलिटर पाणी जमले, तर ताशी 300 मिलिलिटर व दिवसाला 7.2 लिटर, असा हिशेब स्वतः मांडतात. टाकी रिकामी झाल्यावरही नळ गळतो का, ही शंका इथेच निघते. उदाहरणसंग्रह सोडवताना ती सहसा निघत नाही. पण यात वेळ बराच जातो, गटातील दोघे मोजतात, उरलेले पाहतात आणि ज्याला गुणाकारच जमत नाही, तो गटाच्या आडोशाने निसटतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये घेतलेला आक्षेपही याच अंगाचा आहे: पूर्वज्ञान नसलेल्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनाविना सोडले, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर (एका वेळी थोडीच माहिती मनात धरून तिच्यावर विचार करणाऱ्या स्मृतीवर) ताण येतो आणि शिकणे मागे पडते.

खर्चाचा मुद्दा छोटा असला तरी टोचणारा आहे. घरी करायला दिलेला प्रकल्प पालकांच्या ऐपतीचा होतो (आणि पुष्कळदा हातही त्यांचाच असतो).

माझा कौल असा: रीत आधी फळ्यावर पक्की करून घ्यावी, प्रकल्प त्यानंतर आणि शाळेच्या वेळेतच घ्यावा. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकणे चालू असतानाच्या मूल्यमापनात, गटाला सरसकट गुण न देता प्रत्येकाला त्याच्याच नोंदीवर तोंडी प्रश्न विचारावा. वर्ग मोठा असल्यामुळे एवढे प्रश्न विचारणे शक्य नसेल, तर त्या सत्रात एकच प्रकल्प घेतलेला बरा.