नमुना एक, बसवल्या भलत्याच: काचांच्या खिडक्यांत मी कसा फसलो

घर स्वतः उभं करत होतो, प्रत्येक वस्तू मीच निवडत होतो, म्हणून हे जास्त झोंबलंय. 14 खिडक्या आणि 2 सरकती दारं. विक्रेत्याने दाखवलेला नमुना अस्सल होता: 4 मिमीच्या दोन काचा, मध्ये 16 मिमी पोकळी, त्यात आर्गॉन वायू, काचेवर लो-ई थर (उष्णता परत फेकणारा अतिपातळ लेप). यू-व्हॅल्यू, म्हणजे किती उष्णता आरपार जाते तो आकडा, 1.1; जितका कमी तितका चांगला. मी चार महिने वाचून गेलो होतो, अडाणी नव्हतो. 70 टक्के आगाऊ दिले, माल उतरल्यावर आणखी 20.

मिळाल्या साध्या काचा. पोकळी 6 मिमी, आत नुसती हवा. अशा काचेची यू-व्हॅल्यू 3 च्या वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट उष्णता आरपार. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत थर्मल ब्रेकची, म्हणजे धातूतून जाणारी उष्णता अडवणारी, पट्टीही नाही.

पहिली खिडकी गाडीतून उतरली तेव्हाच बायको म्हणाली, "ही बारीक दिसते." कारागीर म्हणाला, "नवीन मॉडेल आहे, साहेब." माझ्या कमरेला टेप होता. मी मोजलं नाही! तो क्षण अजून झोप उडवतो. पण भिंतीत 14 भोकं, पाऊस तोंडावर, पुढच्या कामाची माणसं खोळंबलेली; तुम्ही तरी काय केलं असतं?

कोटेशनवर फक्त "एनर्जी सेव्हिंग डबल ग्लास" होतं. असल्या शब्दांवर सही करू नका. काचेची जाडी, पोकळी, वायू, थर, सगळं लिहून घ्या. यू-व्हॅल्यू संपूर्ण खिडकीची मागा, नुसत्या काचेची नको. चौकट रद्दी असली तरी काचेचा आकडा छान दिसतो.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात गेलो तर म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणाला, काच काढून द्यावी लागेल. काच काढली की विक्रेता म्हणणार तुम्हीच छेडछाड केली! पाच खेपा घातल्या, दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. एका साहेबाने तर विचारलं, "खिडक्या उघडतात ना? मग तक्रार कसली?" फसवणाऱ्याला एक फोन करायलाही कुणाला वेळ नव्हता.

अंधारात काचेसमोर पेटती काडी धरा. चार प्रतिबिंबं दिसतात. लो-ई थर असेल तर त्यातल्या एकाचा रंग वेगळा. माझ्याकडे चारही सारखीच. हे बसवण्याआधी करा, आणि नमुन्याचा तुकडा स्वतःकडे ठेवून घ्या. मी मागितला होता. "एकच आहे" म्हणाला, मी सोडून दिलं.

आता दोन खिडक्यांत काचांच्या मध्येच बाष्प धरतंय, म्हणजे सीलही गेलं. उरलेल्या 10 टक्क्यांसाठी त्याचे फोन येतात. एक पैसा देणार नाही.