आय-वन डिस्प्ले प्रो: मॉनिटरचा रंग मोजून पाहताना

लॅबमधून आलेला अल्बम पडद्यावरच्या छायाचित्रांपेक्षा काळवंडलेला निघतो, ही लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचा ठपका बहुतेक वेळा लॅबवर येतो. एक्स-राइट कंपनीने 2011 मध्ये बाजारात आणलेले आय-वन डिस्प्ले प्रो हे मॉनिटरचे रंग मोजणारे उपकरण नियमितपणे वापरल्यावर माझे मत झाले आहे की, अशा दहातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ आपल्याच टेबलावरच्या मॉनिटरमध्ये असते. 2021 पासून या कंपनीची छायाचित्रकारांसाठीची उत्पादने कॅलिब्राइट या नावाने विकली जाऊ लागली आणि हेच उपकरण कलरचेकर डिस्प्ले प्रो म्हणून मिळू लागले.

उपकरण तळहातात मावेल एवढे आहे. त्याच्या वायरवर पुढेमागे सरकणारे एक वजन असते. ते मॉनिटरच्या मागे सोडले की सेन्सर पडद्याच्या मध्यभागी लटकून राहतो. पडदा किंचित मागे कलवला, तर तो काचेला सपाट टेकतो आणि बाहेरचा उजेड आत शिरत नाही. सेन्सरवरचे पांढरे आवरण फिरवून समोर आणले की त्याच उपकरणाने खोलीतला उजेडही मोजता येतो, आणि ही सोय वाटते त्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यानुसार चमक आपोआप बदलणारी सोय) आणि रात्रीसाठीचा पिवळसर प्रकाश बंद करावा, आणि मग मोजणी सुरू करावी. व्हाइट पॉइंट (पांढऱ्या रंगाची छटा) 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) 2.2 आणि चमक दर चौरस मीटरला 80 ते 120 कॅन्डेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक), ही छायाचित्रांच्या कामासाठी सर्वमान्य उद्दिष्टे आहेत. यांपैकी चमकीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑफिसच्या वापरासाठी विकले जाणारे अनेक मॉनिटर 250 कॅन्डेला किंवा त्याहून अधिक चमक देऊ शकतात आणि नव्याने जोडल्यावर बहुधा तितकेच प्रखर दिसतात. अशा पडद्यावर छायाचित्र डोळ्यांना सुखावेपर्यंत आपण ते नकळत गडद करत नेतो, आणि कागदाला स्वतःचा प्रकाश नसल्यामुळे तोच गडदपणा छपाईत उघडा पडतो. चमक 100 पर्यंत उतरवली की पहिल्या दिवशी पडदा मंद वाटतो, पण नजर लवकर सरावते.

चमक आणि लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण मॉनिटरच्या बटणांनी जुळवून झाले की सॉफ्टवेअर एकापाठोपाठ एक रंगांचे चौकोन दाखवते, उपकरण ते मोजते आणि त्यातून त्या पडद्याची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो कोणता रंग कसा दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होते. हळदीच्या कार्यक्रमाच्या छायाचित्रांत फरक लगेच कळतो. आधी नवरीच्या गालावरची हळद एकसलग पिवळ्या डागासारखी दिसत होती. मोजणीनंतर तिच्यातला ओला आणि सुकलेला भाग वेगळा दिसू लागला, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्यांवरची निळसर झाक गेली. फोटोशॉप आणि लाइटरूम ही प्रोफाइल वाचतात, मात्र प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, विशेषतः विस्तृत रंगपल्ल्याच्या (नेहमीपेक्षा अधिक रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर, तेच छायाचित्र भडक दिसू शकते.

एक निवड मात्र जपून करावी लागते. हे उपकरण कलरीमीटर आहे, म्हणजे प्रकाशाचा संपूर्ण वर्णपट न मोजता ते ठरावीक फिल्टरांमधून रंग मोजते. त्यामुळे आपल्या पॅनेलचा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) कोणत्या प्रकारचा आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. साध्या पांढऱ्या एलईडीचा मॉनिटर असताना विस्तृत पल्ल्याचा पर्याय निवडला, तर पांढरा रंगच चुकीचा ठरतो आणि पुढची सगळी मोजणी त्या चुकीवर उभी राहते.

कंपनीचे सॉफ्टवेअर नवख्यालाही जमेल इतके सोपे आहे. अधिक खोलात जायचे असेल, तर आर्जिल सीएमएस या रंगमोजणीच्या प्रणालीवर चालणारे डिस्प्लेकॅल हे विनामूल्य सॉफ्टवेअर या उपकरणासोबत उत्तम चालते. त्याच्या अहवालात प्रत्येक रंगाची चूक डेल्टा-ई (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगातला फरक) या एककात दिसते, आणि मला तो आकडा डोळ्यांपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

स्वस्त टीएन पॅनेलवर हा खर्च करू नये. मान थोडी हलवली तरी ज्याच्या छटा बदलतात, त्या पडद्याला कोणतीही प्रोफाइल वाचवू शकत नाही. आधी बरा आयपीएस (बाजूने पाहिले तरी छटा फारशा न बदलणारा) मॉनिटर घ्यावा. जो केवळ मोबाइलवर पाहण्यासाठी छायाचित्रे काढतो, त्यालाही याची निकड नाही. पण छपाईचे पैसे घेणाऱ्या प्रत्येकाने हे उपकरण घ्यावे, किंवा दोघातिघांनी मिळून घेऊन महिन्यातून एकदा आळीपाळीने वापरावे. पडद्यावर थेट खिडकीचा उजेड पडू देऊ नये, शेजारची भिंत रंगीत नसावी, आणि लॅबकडून तिच्या कागदाची प्रोफाइल मागून घ्यावी, म्हणजे अल्बम पाठवण्यापूर्वी सॉफ्ट प्रूफिंगमध्ये (छपाईचा पडद्यावरच घेतलेला अंदाज) पैठणीचा जांभळा कागदावर कितपत उतरेल, हे ग्राहकाला समोर बसवून दाखवता येते.