६१७ स्क्वाड्रन की ५८८ वी रेजिमेंट?

भाचीला कॉलेजात दहा मिनिटं बोलायचंय. विषय दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी पथकं. "मामा, धरणं फोडणारे इंग्रज घेऊ की रशियन मुली?"

कामाची तऱ्हाच वेगळी. ब्रिटिश हवाई दलाची ६१७ स्क्वाड्रन मार्च १९४३ मध्ये खास एका मोहिमेसाठी उभी राहिली: जर्मनीतली धरणं फोडायची. १६ मेच्या रात्री १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं निघाली. पाण्यापासून जेमतेम ६० फुटांवर उडायचं, म्हणून पोटाखाली दोन दिवे. त्यांचे झोत पाण्यावर जुळले की उंची बरोबर. काय डोकं! म्योने आणि एडर ही धरणं फुटली. ५८८ ही सोव्हिएत मुलींची रात्री बॉम्ब टाकणारी रेजिमेंट. तिचं काम रोजचं: लाकूड-कापडाच्या पो-२ विमानांतून, इंजिन मंद करून अंधारात घसरत येणं, एका रात्रीत अनेक खेपा. युद्धभरात सुमारे २३ हजार उड्डाणं.

किंमत? ६१७ ची त्या एका रात्रीत ८ विमानं, ५३ माणसं गेली. पुरात हजारावर लोक बुडाले, त्यांत वेठबिगार कैदीही. हे मात्र सांगितलंच पाहिजे. ५८८ च्या मुलींकडे १९४४ पर्यंत पॅराशूटही नव्हतं.

या मुलींच्या 'चेटकिणी' वगैरे टोपणनावांवर वेळ घालवू नकोस. तंत्र समजावायचं असेल तर ६१७. चिकाटी दाखवायची असेल तर ५८८. तुला गणित आवडतं, तू दिव्यांचं घे.