आमच्या एरियाच्या ग्रुपचा रिव्ह्यू : तीन वर्षं वापरून झाल्यावर साडेतीन स्टार

नागपुरात बेसा-मानेवाडा साइडला नवीन घर घेतलेले बरेच जण मला विचारून राहिले की तो एरियाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा आहे, ॲड व्हायचं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नाव देत नाही, या भागातल्यांना कळेलच.

2022 मध्ये मी ॲड झालो तेव्हा ॲडमिन एकच होते आणि त्या काळातल्या ग्रुपला मी एक स्टार पण दिला नसता. नियम होता, जाहिरात फक्त रविवारी. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एप्रिलमध्ये आमच्या लाइनीतल्या एका काकूंनी बुधवारी कुरडया आणि मुगाच्या वड्यांचा फोटो टाकला, खाली किलोचा भाव लिहिला, आणि दहा मिनिटांत काकू ग्रुपच्या बाहेर. ना विचारणं ना सांगणं. आणि त्याच आठवड्यात सोमवार ते शनिवार रोज सकाळी "1500 स्क्वेअर फूट, आरएल प्लॉट, रोड टच" ही प्लॉटची जाहिरात सुरूच होती, कारण टाकणारा माणूस ॲडमिनच्या बसण्याउठण्यातला. काकूंचं दोन-चार किलोचं गिऱ्हाईक गेलं त्याचं त्यांना काही नव्हतं, सगळ्या कॉलनीसमोर चोरी पकडल्यासारखं काढलं ते लागलं. मला म्हणाल्या, "भाऊ, मले वाचता येते ना, रविवारी टाका म्हटलं असतं तं रविवारी टाकलं असतं."

ॲडमिनला आम्ही दोघातिघांनी विचारलं तर एकच उत्तर, उद्या काही केस झाली तर माझ्यावर होईल, म्हणून मी ठरवणार. आता हे पण लोकांनी नीट समजून घ्यावं, कारण निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाचा आहे, मार्च 2021 चा. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं, एका मेंबरने ग्रुपवर एका महिलेला घाण शब्दात बोललं आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झालेला. कोर्टाने तो रद्द केला. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात सामाईक हेतू असेल तर गोष्ट वेगळी, आणि मेसेज पडायच्या आधी तो अडवणं त्याच्या हातात नसतंच, असं म्हटलं. म्हणजे केसची भीती दाखवून कुरडयावाल्या काकूंना काढायला काही आधार नव्हता.

2023 च्या उन्हाळ्यात ते ॲडमिन पुण्याला शिफ्ट झाले आणि तिघांनी ग्रुप घेतला, एक बँकेतून रिटायर झालेले काका, एक शाळेतल्या मॅडम आणि एक एमपीएससी करणारा पोरगा. पहिलं काम काय केलं तर काकूंना फोन करून परत ॲड केलं. मग डिस्क्रिप्शनमध्ये सहा ओळी लिहिल्या. पहिल्यांदा चुकलं तर मेसेज डिलीट आणि कुठला नियम तुटला ते तिथेच एका ओळीत, दुसऱ्यांदा पर्सनलवर समज, तिसऱ्यांदा 15 दिवस बाहेर, परत कधी घेणार ती तारीख सांगून. ॲडमिनने डिलीट केलं की कोणी केलं ते नाव सगळ्यांना दिसतंच, त्यामुळे लपवालपवी नाही. 50 लाखांच्या वर युजर असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांनाही 2021 च्या आयटी नियमांनुसार स्वतःहून पोस्ट काढली तर कारण कळवावं लागतं आणि समोरच्याला बाजू मांडू द्यावी लागते, मग चारशे घरांच्या ग्रुपला काय जड आहे.

मला खरी खात्री पटली ती 23 सप्टेंबर 2023 ला. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, लोकांचे नातेवाईक तिकडे, सगळे घाबरलेले, आणि ग्रुपवर कुठलातरी जुना व्हिडिओ "तलाव फुटला" म्हणून आला. टाकणारे होते मॅडमचे सख्खे दीर. मॅडमनीच पाच मिनिटांत उडवला आणि लिहिलं, व्हिडिओ आजचा नाही, नियम 4. त्या दिवसानंतर ग्रुपवर कारवाईवरून भांडण जवळपास बंद झालं, कारण लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ना की घरच्या माणसाला पण तोच नियम.

चुका यांच्याही झाल्या. रात्री 10 नंतर मेसेज नाही असा नियम आहे. एकदा रात्री साडेअकराला कोणाला तरी मेडिकलमध्ये (इथलं सरकारी हॉस्पिटल) रक्त पाहिजे होतं, तो मेसेज नियम म्हणून उडवला, आणि पुढच्याच आठवड्यात मेयो हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी तसाच मेसेज आला तो राहू दिला कारण टाकणारा इथला वजनदार माणूस. लोक चिडले, बरोबरच चिडले. काकांनी सकाळी ग्रुपवर माफी मागितली, आधीच्या माणसाला फोन केला, आणि रक्ताच्या मेसेजला वेळेचं बंधन नाही हे लिहूनच टाकलं, म्हणजे यापुढे ती सूट ज्याला लागेल त्याला मिळेल, ओळख असो की नसो.

दीड स्टार कापला तो राजकारणासाठी. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन लागलं की एका बाजूचे पोस्टर "कार्यक्रमाची माहिती" म्हणून राहतात आणि दुसऱ्या बाजूचे "राजकारण" म्हणून उडतात. मी स्वतः तिघांना सांगितलं आहे की एकतर दोन्ही ठेवा नाहीतर दोन्ही काढा, अजून ठरत नाही. आणि बायकांवरचे जोक अजून "मजाक आहे" म्हणून सुटतात, त्यासाठी लेखी नियमच नाही. मॅडम एकट्याच बोलतात, बाकी दोघं गप्प बसतात, हे मला अजिबात पटत नाही आणि मी ते ग्रुपवर लिहिलं पण आहे.

बाकी टँकर, प्लंबर, लाइट कधी येणार, कुत्रं हरवलं, यासाठी ग्रुप एक नंबर आहे. ॲड व्हा, फक्त आधी डिस्क्रिप्शन वाचा. कुरडया पाहिजे असतील तर काकूंचा फोटो रविवारी सकाळी 9 ला पडतो, दुपारपर्यंत संपतात.