बाइंडिंगच्या नावाखाली घेतलेले अडीच हजार रुपये

माझ्याकडे २०१२ साली जुनी म्हणून विकत घेतलेली एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तिच्या दर्शनी भागावर मेपलचा पातळ थर असून कडेने हस्तिदंती रंगाच्या प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे बाइंडिंग, बसवलेली आहे. मूळचे लाल लॅकर जागोजागी उडाल्यामुळे ते काढून लाकूड निळ्या डायने रंगवून घ्यावे, असे मी गेल्या वर्षी ठरवले आणि पुण्यातील एका कारागिराकडे गिटार सोपवली. एकूण १४,००० रुपये ठरले. त्यांपैकी २,५०० रुपये केवळ बाइंडिंग जपण्याच्या कामाचे होते, आणि निम्मी रक्कम त्याने आगाऊ घेतली.

त्याने मला कामाची रीत समजावून सांगितली ती बिनचूक होती, आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. डाय हा ऑइलपेंटप्रमाणे वरच्यावर बसत नाही, तो लाकडाच्या रेषांत उतरतो आणि त्याच रेषांमधून टेपच्या खालीही झिरपतो, म्हणून नुसती मास्किंग टेप लावून भागत नाही. आधी बाइंडिंगवर बारीक ब्रशने पारदर्शक लेप द्यावा लागतो. डाय पाण्यात कालवलेला असेल तर चपडा लाखेचा लेप चालतो, मात्र डाय स्पिरिटमध्ये कालवलेला असेल तर स्पिरिट त्या लाखेलाच विरघळवते, तेव्हा लॅकरचा लेप द्यावा लागतो. हा लेप लाकडावर जराही ओघळता कामा नये, कारण तेवढ्या जागी डाय शिरत नाही आणि फिकट डाग राहून जातो. त्यानंतर टेप लावून कापडाच्या बोळ्याने डाय चोळायचा, तो वाळल्यावर बाइंडिंगवर आलेला रंग धारदार ब्लेडने हलक्या हाताने खरवडून काढायचा, आणि हे सगळे झाल्यावरच पारदर्शक पॉलिशचे हात द्यायचे.

तीन आठवड्यांनी त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. निळे लाकूड, शुभ्र कड आणि दोहोंमधली रेघ सरळ व स्वच्छ. तो पाहून मी उरलेले ७,००० रुपये त्याच दिवशी पाठवले. गिटार हातात आली तेव्हा जाड पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशखाली ती इतकी चकाकत होती, की मी कडेकडे बारकाईने पाहिलेच नाही.

चार महिन्यांनी, वाजवताना जिथे हात टेकतो तिथल्या बाइंडिंगवरून एक पांढरा पापुद्रा निघाला आणि खाली निळसर हिरवट प्लॅस्टिक दिसले. वाद्यदुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थांकडे मी गिटार नेली. त्यांनी भिंगातून पाहून सांगितले की लेप, टेप, खरवडणे यांपैकी काहीही झालेले नव्हते. सरसकट डाय फासून, डागाळलेली कड ब्रशने पांढरी रंगवून त्यावर पीयू मारले होते. पांढरा रंग काही ठिकाणी मिलिमीटरभर लाकडावरही आलेला होता. शिवाय जुने लॅकर काढताना थिनर बेफिकिरीने वापरल्यामुळे बाइंडिंगच्या धारा विरघळून गोल झाल्या होत्या.

घरी आल्यावर मी तो फोटो गिटारशेजारी धरून पाहिला. माझ्या गिटारीच्या मेपलवर ब्रिजजवळ, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, एक काळसर ठिपका आहे, फोटोत तो नव्हता, आणि लाकडाच्या लाटाही वेगळ्या होत्या. तो फोटो दुसऱ्याच गिटारीचा होता. मला सर्वांत जास्त संताप याचा आला, कारण काम बिघडणे मी समजू शकतो, पण हा फोटो पैसे काढण्यासाठीच पाठवलेला होता.

फोनवर त्याने मला प्लॅस्टिक जुने झाले की रंग बदलते, असे सांगितले. बाइंडिंगसाठी वापरले जाणारे सेल्युलॉइड हे प्लॅस्टिक काळानुसार पिवळे पडते हे खरे, पण ते निळे पडत नाही. शिवाय सेल्युलॉइड खरवडले की कापराचा वास येतो, आणि माझ्या बाइंडिंगला तो येत नव्हता, म्हणजे ते बहुधा सेल्युलॉइड नव्हतेच. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. माझ्याकडे पावती नाही, फक्त यूपीआयच्या नोंदी आणि संदेश आहेत. त्यांच्याच आधारावर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की गिटार देण्यापूर्वी तिच्या लाकडाचे जवळून फोटो काढून ठेवा, बाइंडिंगचे पैसे वेगळे घेतले जात असतील तर त्यात नेमके काय करणार हे पावतीवर लिहून घ्या, आणि पॉलिशचा पहिला हात देण्यापूर्वी स्वतः जाऊन कड पाहा. खरवडलेल्या बाइंडिंगवर ब्लेडच्या बारीक खुणा दिसतात आणि रंगाची रेघ नेमकी सांध्यावर थांबते. एकदा जाड पॉलिश चढले की या खुणा झाकल्या जातात.

माझी गिटार सध्या त्या दुसऱ्या कारागिरांकडे आहे. बहुतेक कड त्यांनी खरवडून साफ केली आहे. खालच्या वळणावरची चार इंच पट्टी मात्र थिनरने इतकी खाल्ली आहे, की ती कापून नवी बसवावी लागेल, आणि बाइंडिंग व लाकूड यांच्या सांध्यात मुरलेला निळा रंग आता निघणार नाही.